आभाळातल्या पेटीचा करार

आमच्याकडं देवसुद्धा बदलीवर जातो. लग्नानंतर मी लांबच्या गावी गेले तेव्हा तिथल्या बायकांना हे सांगायची, आणि त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. हसा बाई, मला काय. पण गोष्ट खरी आहे. अणदूरचा खंडोबा वर्षातले काही दिवस नळदुर्गाला जाऊन राहतो. दोन्हीकडचे मानकरी समोरासमोर बसतात, देव कधी न्यायचा, कधी परत आणायचा ते ठरवतात, आणि मग वाजतगाजत पालखी निघते. देव एक, गावं दोन, मग दुसरं करणार तरी काय. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं आमच्या दोन वाड्यांनी जे केलं ते वाचून तुम्ही आम्हाला वेड्यात काढाल, आणि या वयात मला भांडायचा कंटाळा येतो. म्हणजे फार नाही येत, पण येतो.

तर आमची वरली वाडी, समोर खालची वाडी, आणि मधे ओढा. ओढ्याच्या काठावर दोघांत मिळून एक मारुती. आमचं घर वरल्या वाडीच्या अगदी वेशीला लागून, त्यामुळं गावात कोण आलं न् कोण गेलं ते आधी आमच्या घराला कळायचं. आईला आम्ही अव्वा म्हणायचो आणि वडिलांना अप्पा. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी चालायचं. अप्पा रागावले की दोन्ही भाषा एकदम वापरायचे. सकाळी जाग यायची ती अव्वाच्या भाकरी थापण्यानं. आधी परातीतली थपथप, मग तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र आवाज, आणि मग उखळात शेंगांची चटणी कुटल्याचे दणके. त्या चटणीवर करडईचं तेल ओतून भाकरीचा पहिला तुकडा मोडायचा, आणि तो नेहमी चुलीजवळ बसलेल्या पोरीचा असायचा, म्हणून मी आणि माझी मोठी बहीण गौराअक्का अंथरुणातनं उठून थेट चुलीकडंच पळायचो. थंडीत हुलग्याचे शेंगोळे व्हायचे. अव्वा पीठ मळून द्यायची आणि आम्ही दोघी वळत बसायचो. अक्काचे शेंगोळे सारखे, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. माझे कुठं जाड, कुठं बारीक, कुठं तुटलेले. अप्पा ताटातले जाड शेंगोळे निवडून खायचे आणि सांगायचे, हे आमच्या नीलीचे. अक्का मग मुद्दाम एखादा जाड वळायची, आणि तोही माझ्याच नावावर जायचा.

अक्काला खालच्या वाडीत दिली. लेक नजरेसमोर राहील, हाक मारली की ऐकू येईल, असा अप्पांचा हिशेब. व्याही मल्लप्पा भला माणूस होता, बायको वारलेली, एकुलता एक मुलगा. तो मुलगा, म्हणजे आमचे दाजी, भूमच्या एसटी डेपोत कंडक्टर होते आणि सुट्टी मिळेल तेव्हा घरी यायचे. सगळं बरं चाललं होतं, आणि मग तो पोळा आला. मारुतीपुढं तोरण एक आणि वाड्या दोन. तोरणाखालून कुणाची बैलजोडी आधी जायची यावरून आपापल्या वाडीचे मानकरी, अप्पा आणि मल्लप्पा, एकमेकांसमोर उभे ठाकले. बैल बिचारे शिंगांना बेगड लावून गुमान उभे होते, भांडत होती ती माणसं. शेवटी अप्पा बोलून गेले की तुमच्या वाडीचं पाणी पिणार नाही. मल्लप्पानं उत्तर दिलं, पाजतंय कोण. झालं. आमच्यात एकमेकांना भेटताना 'शरणार्थ' म्हणतात, तेही त्या दिवसापासून बंद पडलं. वरल्या वाडीचा माणूस खाली जाईना, खालचा वर येईना.

आणि अक्काला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत कुणाला सांगायची गरज नव्हती. पण न्यायला बापानं दारात गेलं पाहिजे आणि सासऱ्यानं पाठवलं पाहिजे. अप्पा म्हणायचे, त्यानं सांगावा धाडावा, मी लगेच जातो. मल्लप्पा म्हणायचे, त्यांनी दारात यावं, मी लगेच पाठवतो. दोघंही लगेचवाले, आणि महिने निघून चालले होते. दाजींचं बापापुढं काही चालत नव्हतं, आणि त्या घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. पोटात कळ आली तर गरम पाणी ठेवायलासुद्धा कुणी नव्हतं. अव्वा ओट्यावर उभी राहून ओढ्यापलीकडं बघत बसायची. अक्का धुणं वाळत घालताना दिसायची. लुगडं कोणतं नेसलीय ते ओळखू यायचं, तोंड ओळखू यायचं नाही. आज तुम्ही फोनवर तोंड बघता आणि जेवली का विचारता. तेव्हा अव्वा लुगड्याच्या रंगावरून लेक बरी आहे का ते ठरवायची, आणि ते आठवलं की मला अजून त्या दोन बाप्यांचा राग येतो.

त्याच दिवसांत माझ्या हाती ते पुस्तक पडलं. बसमध्ये कुणीतरी सीटवर विसरून गेलेलं चित्रांचं पुस्तक दाजींनी शाळेच्या गुरुजींच्या हाती माझ्यासाठी धाडलं होतं. गुरुजी दोन्ही वाड्यांना एकच, म्हणून त्यांना ओढा ओलांडायची मुभा होती. पुस्तकाला पुढचं कव्हर नव्हतं आणि शेवटची पानं नव्हती. मधली होती ती मात्र अशी, की मी आणि माझी मैत्रीण मुमताज, गावच्या पिंजाऱ्याची पोरगी, जेवणखाण विसरलो. दुसऱ्या कुठल्या तरी ग्रहावरची माणसं पृथ्वी जिंकायला येतात. त्यांना तीन डोळे, अंग हिरवं, आणि तो हिरवा रंग छापताना जरा सरकलेला, त्यामुळं प्रत्येकाच्या बाजूला त्याचं हिरवं भूत उभं असल्यासारखं दिसायचं. आम्ही त्यांना हिरवे म्हणायचो. हे हिरवे पांढऱ्या छत्र्यांना लोंबकळत खाली उतरतात. आधी एक पेटी टाकतात, ती टूं टूं करून बाकीच्या फौजेला वाट दाखवते, आणि लोक तिच्याभोवती गोळा झाले की फौज येते. पेटीवर गोड गोड मजकूर लिहिलेला असतो, आम्ही मित्र आहोत म्हणून. पुढं काय झालं ते त्या फाटक्या पानांबरोबर गेलं. माणसं जिंकली का हिरवे जिंकले, हे मला आजतागायत माहीत नाही. आम्ही दोघी शाळेमागच्या लिंबाखाली बसून सगळ्या पोरापोरींना ते वाचून दाखवायचो. सगळ्यांच्या अंगावर काटा यायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत सगळे हजर.

ज्वारी काढून शेतात आडवी पडली होती तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी सगळे रानातनं परतत होते आणि मुमताजनं आभाळाकडं बोट केलं. पश्चिमेला, बरंच वर, एक पांढरा ठिपका होता. चांदणी म्हणावी तर मोठा, चंद्र म्हणावा तर बारका, आणि गोल. हलत नव्हता. सूर्य बुडाला, ओढ्यात अंधार उतरला, घराघरांत दिवे लागले, तरी तो तिथं तसाच लखलखत होता, त्याच्यापुरता दिवस राखून ठेवल्यासारखा. सगळी वाडी दारात उभी. दूध उतू गेलं तरी अव्वा आत गेली नाही. गुरुजींनी सांगितलं की ते इतक्या उंचावर आहे की त्याला अजून सूर्य दिसतोय. आपल्याला रात्र झालीय आणि तिथं कुणालातरी सूर्य दिसतोय, हे मला तेव्हा प्रथम कळलं, आणि माझे हातपाय गार पडले. मी तेव्हापासून बरंच जग पाहिलं. समुद्र पाहिला, बर्फ पाहिला. पण तसं गार पडायला परत कधी झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली आलं. आधी भलं मोठं प्लास्टिक वाऱ्यावर सळसळत आलं आणि पलीकडच्या बाभळींवर पसरलं. इतकं पातळ की त्यातनं आभाळ दिसायचं आणि इतकं मोठं की दोन्ही वाड्या त्याखाली झाकल्या असत्या. त्याच्या मागनं भगव्यापांढऱ्या पट्ट्यांची छत्री डुलत डुलत उतरली, आणि छत्रीखाली पेटी. मी आणि मुमताजनं एकमेकींचे हात इतके घट्ट धरले की बांगडी पिचली. पेटी उतरली ती कुठं, तर नेमकी ओढ्याच्या मधोमध, जिथं वाळूचा उंचवटा होता आणि पाणी दोन्ही बाजूंनी जायचं. पांढऱ्या पत्र्याची, लोखंडी सांगाड्यात बसवलेली, बाजूनं तारा निघालेल्या. आणि आवाज येत होता. टूं. टूं. टूं.

दोन्ही वाड्या ओढ्यात गोळा झाल्या. गुरुजींनी चष्मा पुसून पेटीवरचं इंग्रजी वाचलं आणि सगळ्यांना समजावून सांगितलं, की हे शास्त्रज्ञांचं यंत्र आहे, फुग्याला बांधून आभाळात सोडलेलं. कुणाला काही इजा होणार नाही, फक्त पोलिसांना कळवा. त्यामुळं मोठ्या माणसांची भीती तिथंच संपली. अडाणी होतो म्हणून पेटीला देव समजलो, असं कुणी म्हणू नये. यंत्र आहे हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. पण जिथं आपल्यातला कुणी गेला नाही, जिथं रात्रीही सूर्य दिसतो, तिथं ती जाऊन आली होती आणि परत येताना आपल्या दारात उतरली होती. मग तिला ओढ्यात टाकून घरी जायचं का? तिचा मान झाला पाहिजे. एवढ्यावर दोन्ही वाड्यांचं एकमत झालं आणि लगेच भांडण सुरू झालं, कारण मान करायचा कुणी? अप्पा म्हणाले वरल्या वाडीनं, ती वरून आलीय. मल्लप्पा म्हणाले खालच्या वाडीनं, ती खाली उतरलीय. काठ्या अजून जमिनीला टेकलेल्या होत्या, पण मुठी आवळल्या होत्या.

आम्हा पोरांना मात्र ओढ्यात उभी असलेली ही दीडशहाणी माणसं बघून रडू येत होतं. गोड मजकूर होता. टूं टूं होतं. लोक गोळा झाले होते. आता फक्त फौज यायची राहिली होती. पुस्तकात एका पानावर असं होतं की हिरव्यांना धूर सोसत नाही. मुमताज घरी पळाली आणि खापरावर पेटती गोवरी घेऊन आली, मी आमच्या कोठीतनं पसाभर सुक्या मिरच्या घेऊन आले. वारा ज्या बाजूनं होता तिथं करंजाच्या झुडपाआड बसून आम्ही त्या मिरच्या गोवरीवर टाकल्या. आमच्याकडची मिरची म्हणजे काय चीज आहे, ते ज्यानं खाल्लीय त्याला विचारा. धूर सरळ ओढ्यात गेला. हिरवे काही दिसले नाहीत, पण दोन्ही वाड्या ठसकायला लागल्या. अप्पा शिंकले. मल्लप्पा शिंकले. पटक्याच्या शेमल्यानं डोळे पुसत दोघं वाळूत बसले. गुरुजींचा चष्मा पाण्यात पडला. म्हातारेकोतारे एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून खोकत होते, आणि कोण वरला कोण खालचा ते डोळे मिटलेले असल्यामुळं कुणाला दिसत नव्हतं. मग कुणीतरी हसलं. एक हसला की दुसरा, आणि सगळा ओढा हसायला लागला. आम्ही पृथ्वी वाचवली होती आणि त्याबद्दल मला अव्वाकडून पाठीत दोन धपाटे मिळाले.

आणि मला धपाटे घालून झाल्यावर, लाल झालेले डोळे पदरानं टिपत, अव्वा तिथं जमलेल्या सगळ्यांपुढं बोलली. बाप्यांच्या बैठकीत तिनं तोंड उघडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"खंडोबा बी वाटून राहतो की दोन गावात. मग हिला काय झालं?"

शिंका थांबल्या. सगळ्यांना ते इतकं सरळ वाटलं की आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचीच लाज वाटली असावी. तिथंच वाळूत बसून करार झाला. गुरुजींनी पोलिसांना कळवायचं, आणि न्यायला माणसं येईपर्यंत पेटी आठ दिवस एका वाडीत, आठ दिवस दुसऱ्या. आधी कुणाकडं, यासाठी मारुतीला कौल लावला आणि कौल खालच्या वाडीला मिळाला. अप्पांचं तोंड एवढंसं झालं. पण पेटी हलवायची ती देवासारखी हलवायची, असं ठरलं. पाठवणाऱ्या वाडीचा मानकरी खांदा देऊन वेशीपर्यंत आणेल, घेणाऱ्या वाडीचा मानकरी शरणार्थ म्हणून खांदा घेईल. हे बोलताना अप्पा एकीकडं बघत होते आणि मल्लप्पा दुसरीकडं. अव्वानं आणखी दोन कलमं घालून घेतली. पाठवायला बायकाही येतील, कारण देव पाठवताना नुसते बाप्ये जात नाहीत. आणि प्रसादाचं जेवण घेतल्याशिवाय कुणी परत जायचं नाही. घरी आल्यावर ती मला हळूच म्हणाली की आठ दिवसांनी पेटीमागं आरती घेऊन तुझी अक्का येईल, एकदा उंबऱ्याच्या आत आली की कोण नेतंय ते मी बघते. कुणी कुणाच्या दारात जायला नको, कुणी सांगावा धाडायला नको.

ते आठ दिवस घरात सणासारखे गेले. अव्वानं बाळंतिणीची खोली सारवली. खिडकीला जुन्या लुगड्याचा पडदा लावला, बाज उन्हात टाकली, डिंक आणि खोबरं डब्यात भरून ठेवलं, शेकायला गोवऱ्या रचल्या. अप्पा सगळं बघत होते आणि काही विचारत नव्हते. फक्त एकदा स्वतः उठून बाजेची सैल झालेली दोरी ताणून बसवली. गुरुजी येऊन बातम्या सांगायचे. पेटी मल्लप्पांच्या ओसरीवर पाटावर ठेवलीय, रोज हळदकुंकू लागतं. टूं टूं एकदाचं थांबलं, तेव्हा बायकांनी वाटीभर दूध नेऊन ठेवलं, दमली असंल म्हणून. आणि गौराचे पाय सुजलेत, हे त्यांनी सगळ्यात शेवटी, अव्वाकडं न बघता सांगितलं. प्लास्टिक दोन्ही वाड्यांनी वाटून घेतलं आणि कडब्याच्या गंज्यांवर घातलं.

आमची बारी यायला एक दिवस उरला होता आणि खालच्या वाडीत जीप आली. ओट्यावरून सगळं दिसत होतं. जीप मल्लप्पांच्या दारात उभी राहिली, माणसं उतरली, ओसरीवर गर्दी झाली. अव्वा आत जाऊन त्या सारवलेल्या खोलीच्या दारात बसली आणि तिनं पदर तोंडात धरला. अव्वा रडते हे मला माहीत नव्हतं. अप्पा ओट्यावर उभे होते. त्यांचे पाय पायरीवर होते आणि पायरीच्या खाली उतरत नव्हते. मला त्या क्षणी दोन्ही वाड्यांचा, करारांचा, बैलांचा, सगळ्यांचा इतका संताप आला की मी शेजारी उभ्या मुमताजचा हात धरला आणि धावत सुटले. वरल्या वाडीतलं पोळ्यानंतर ओढा ओलांडणारं पहिलं माणूस मी होते.

जीपजवळ एक बाई उभी होती. शास्त्रज्ञ बाई असू शकतात हे आमच्या पुस्तकात कुठं नव्हतं. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. हीच हिरव्यांची म्होरकी, असं मला क्षणभर खरंच वाटलं. तिनं चष्मा काढला. मी तिचे डोळे मोजले, दोनच होते. मग मी जे बोलायला लागले ते थांबेचना: करार, बारी, अक्का, पोळा, अव्वा, सगळं एकात एक. बाईला मराठी येत नव्हतं. ती हैदराबादकडची होती. आणि आमची मुमताज, जी शाळेत उत्तर द्यायला उठली की पाटीमागं तोंड लपवायची, ती तिच्या घरच्या बोलीत सरळ त्या बाईशी बोलली.

"पेटी अबी हमारे गाँव कू नई आई, बाई. उसके पीछू इसकी बहन मायके आनेवाली थी. पेटी गई तो वो कैसी आती?"

बाईनं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, हळदीनं पिवळ्या झालेल्या आपल्या पेटीकडं पाहिलं. मल्लप्पांच्या दाराच्या चौकटीला धरून अक्का उभी होती, तिच्याकडंही पाहिलं. मग ड्रायव्हरला सांगितलं की जीप रस्त्यानं फिरवून पलीकडच्या वेशीला नेऊन उभी कर, पेटी पालखीतनं येईल.

पालखी सजेपर्यंत बाई ओसरीवर बसली आणि आम्ही तिच्याभोवती. मी विचारलं, वर कोण होतं? ती हसली नाही, याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे. तिनं सांगितलं आणि मुमताजनं आम्हाला समजावलं. लांबच्या लांब, आपल्या सूर्याच्याही पलीकडं, तारे फुटतात. त्यांचे कण सुटतात, डोळ्यांना न दिसण्याएवढे बारीक, आणि कोण जाणे किती काळ चालत चालत ते इथं पोचतात. आपल्या हवेवर आदळून त्यांचा चुरा होतो. म्हणून चुरा होण्याआधीच त्यांना गाठायला ही पेटी वर गेली होती. आणि तो चुरासुद्धा थांबत नाही. छपरातनं येतो, भिंतीतनं येतो. तिनं माझा तळहात आपल्या हातात घेऊन उघडला आणि म्हणाली, आत्तासुद्धा यातनं जातोय. मी तळहाताकडं बघत बसले. काही दुखत नव्हतं, काही दिसत नव्हतं. म्हणजे ते आले होते. आधीच आले होते, पृथ्वीवर माणूस नव्हता तेव्हापासून येत होते, आणि मी शेंगोळे वळत असताना, झोपलेली असताना, माझ्या आरपार जात होते. माझा नातू म्हणतो, आजी, तो साधा फुगा होता. अरे बाबा, फुगा होता ते मला माहीत आहे. पण त्या दिवसापासून मी रिकाम्या खोलीला रिकामी म्हटलेलं नाही.

अक्कानं दारातनंच विचारलं, "पोटातल्याच्या बी आतनं जातं व्हय?"

मुमताजनं विचारून सांगितलं, व्हय, त्याच्या बी. आपल्या सगळ्यांच्या असंच गेलं होतं जन्माआधी. अक्कानं दोन्ही हात पोटावर ठेवले.

मग हलगी वाजली. पेटीवर पटका झाकला, बांबूला बांधली, पुढचा खांदा मल्लप्पांचा. मागं बायका, बायकांत अक्का, हातात आरतीचं ताट, पावलं जपून टाकत. शास्त्रज्ञ बाई बूट हातात घेऊन ओढ्यातनं आमच्याबरोबर चालली. आमच्या वेशीत सगळी वरली वाडी उभी होती आणि पुढं अप्पा, धुतलेल्या धोतरात. पालखी थांबली. आता अप्पांनी शरणार्थ म्हणायचं आणि खांदा घ्यायचा. अप्पा म्हणेनात. बांबूखाली मल्लप्पांचा खांदा थरथरायला लागला, घाम डोळ्यांत उतरला, पण ते पुसायला हात मोकळा नव्हता आणि मदत मागण्यासारखा तो माणूस नव्हता. तेवढ्यात गर्दीतनं अक्का बाजूला झाली आणि पोळ्यानंतर पहिल्यांदा अप्पांना तिचं तोंड दिसलं. सुजलेलं होतं, पिवळं पडलेलं होतं. ती हसत होती.

"शरणार्थ, मल्लप्पा," अप्पा म्हणाले, आणि बांबूखाली खांदा घातला.

पेटी आमच्या ओट्यावर जेवणापुरतीच राहिली. बाईनं शेंगोळे दोनदा मागून घेतले, तिखटानं नाक पुसत पुसत. मग तिनं आणि ड्रायव्हरनं पेटी जीपमध्ये चढवली, सगळ्यांनी हात जोडले आणि जीप धुळीत दिसेनाशी झाली. हलगीवाले घरी गेले. आणि मल्लप्पा उठले, त्यांनी पायात वहाणा घातल्या आणि अक्काकडं वळून म्हणाले, चल गौरा. त्यांचंही चुकलं नव्हतं. पेटी गेली, प्रसाद झाला, करारात पुढं काही नव्हतं. अव्वा स्वयंपाकघराच्या दारात उलथनं हातात घेऊन उभी राहिली. अक्का उंबऱ्याच्या आत होती, पण उठायला लागली होती.

"मल्लप्पा," अप्पा म्हणाले, "आठ दिवस तुमच्यात आन् आठ दिवस आमच्यात, असंच ठरलं होतं न्हवं?"

"व्हय. पर पेटी गेली की."

"पेटी गेली. करार कुठं गेलाय? आमचे आठ दिवस ऱ्हायलेत." अप्पांनी उंबऱ्याआतल्या अक्काकडं पाहिलं. "पेटीच्या जागी लेकीला ठिवा."

मल्लप्पांनी वहाणांकडं बघितलं. आठ दिवस मागायलासुद्धा अप्पांना किती जड गेलं असेल, ते मल्लप्पांशिवाय तिथं दुसऱ्या कुणाला कळलं नसेल.

"आठ दिवसांत बाळंतीण उठती व्हय?" ते म्हणाले. "बाळ झाल्यावर सव्वा महिना ठिवा. मग म्या सोता येतो न्यायला. दारात येतो."

ते ओढ्याकडं चालायला लागले, आणि अप्पा त्यांच्या बरोबरीनं पाण्यापर्यंत गेले. तिथं काय बोलले, का नुसतेच उभे राहिले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

दिवेलागणीला अव्वानं अक्काचे पाय कोमट पाण्यात सोडले. ती एकेक बोट चोळत होती, आणि मधूनच तिचे हात थांबायचे आणि परत सुरू व्हायचे. मी अक्काला चिकटून बसले होते. इतक्या महिन्यांनी तिच्या अंगाचा वास येत होता, तोच, चुलीचा आणि खोबरेल तेलाचा. तिनं माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. आधी काही नव्हतं. मग आतून कुणीतरी माझ्या तळहातावर धक्का दिला. छोटासा, पण मुद्दाम दिलेला. कुठून आलं होतं, कशाला आलं होतं, कसं दिसत होतं, कुणालाच माहीत नव्हतं. मी हात मागं घेतला.

अक्कानं तो परत ओढून तिथंच ठेवला. "घाबरतीस काय," ती म्हणाली. "येऊ दे त्याला."